शनिवारचा दीड तास: सातारा-सांगलीतल्या शाळेत उपक्रम मंडळ वर्षभर कसं चालवावं

उपक्रम म्हणजे एक दिवसाचा सोहळा, अशी बऱ्याच शाळांची रीत पडून गेली आहे. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो ग्रुपवर पडतात आणि सोमवारी सगळं पहिल्यासारखं. खरं तर कागदावर वेळेची कमतरता राहिलेली नाही. पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे, नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी वर्षाला १० दिवस दप्तराविना धरलेले आहेत. अडतं ते या वेळेत नेमकं करायचं काय, इथं. आमचं मत सरळ आहे: वर्षाला वीस उपक्रम करण्यापेक्षा दोन-तीनच करा, पण ते जून ते एप्रिल चालू द्या आणि प्रत्येकात मुलांना काहीतरी मोजायला लावा. मोजलेलं वहीत उतरलं की मागच्या आठवड्याशी ताडून बघता येतं. प्रश्न तिथून सुटत नाहीत, सुरू होतात.

अशा उपक्रम मंडळाची पुढची आखणी सहावी ते आठवीची मुलं डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. एक शिक्षक, दीड तास आणि शाळेतलंच पटांगण एवढ्यावर ती चालते.

मुलं किती, कोणती, कधी

२० ते २४ मुलं घ्या, त्याहून जास्त नकोत. चार-चार जणांचे गट करा. एक धरणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा आणि चौथा पुन्हा मोजून तपासणारा. ही कामं दर शनिवारी फिरती ठेवा, नाहीतर अक्षर चांगलं म्हणून वर्षभर एकाच मुलीच्या गळ्यात वही पडते आणि टेप कायम मुलग्यांच्या हातात राहतो.

निवड गुणांवर करू नका. वर्गातली पहिली दहा मुलं उचलली की मंडळ म्हणजे हुशारांचा क्लास होतो आणि पालक लगेच शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून घ्या म्हणायला लागतात. नावं मागवा. जास्त आली तर चिठ्ठ्या टाका. मात्र प्रत्येक वाडीतलं एक तरी मूल येईल असं बघा. त्याचा उपयोग पावसाच्या नोंदीत होतो.

वेळ ठरवताना घड्याळाआधी एसटीचं वेळापत्रक बघा. शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर लगेच मंडळ ठेवलं तर वाडीवस्तीवरच्या मुलांची गाडी चुकते आणि पुढची दुपारी उशिरा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे हे खरं, पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? म्हणून शक्य असेल तिथं मंडळ शाळेच्या वेळेतच, शेवटच्या दोन तासिका जोडून बसवा. मुख्याध्यापकांकडून तसं वेळापत्रकात लिहून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून ठेवा. बदली झाली, निवडणुकीची ड्युटी लागली की तोंडी ठरलेलं पहिलं बंद पडतं. त्याच कारणानं सुरुवातीपासून दुसरा एक शिक्षक सोबत घ्या. महिन्यातून एकदा मंडळ त्यांनी घ्यायचं, म्हणजे वही कुठे असते आणि काय लिहायचं असतं हे त्यांनाही ठाऊक राहतं.

सामान

कडक प्लास्टिकचं गोल नरसाळं एक, त्याची नळी नीट बसेल अशा तोंडाचा ५ लिटरचा कॅन एक, १०० मिलिलिटरचं मोजपात्र (प्रयोगशाळेत असतंच, नसेल तर २० मिलिलिटरची नवी सिरिंज चालते), अर्ध्या इंचाचा सरळ पीव्हीसी पाइप दीड मीटर, प्रत्येक गटाला एक मोजटेप, ओळंबा, खडू, सुतळी, आलेखकागद आणि २०० पानी, जाड पुठ्ठ्याची नोंदवही. वही एकच ठेवा. गटागटाच्या वह्या केल्या की दिवाळीनंतर निम्म्या सापडत नाहीत. गावातल्या गवंड्याकडे ओळंबा आणि पाणसळ मिळते. मागताना त्यालाच एका शनिवारी बोलवा. जमीन सपाट आहे की नाही हे पाण्यानं कसं बघतात, ते तो दहा मिनिटांत दाखवतो.

पहिला उपक्रम: पाऊस मोजणं

सातारा जिल्ह्यासारखी पावसाची शाळा दुसरीकडे शोधून सापडणार नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत-आटपाडी यांच्यात असाच फरक. पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द मुलं पाठ करतात. इथं तो प्रदेश त्यांच्या आत्याचं गाव असतो.

सोडा-पाण्याची बाटली कापून केलेला पाऊसमापक सगळीकडे दाखवतात, पण तो फसवतो. बाटलीचा तळ खोबणीदार, मध्ये कंबर आत गेलेली, त्यामुळे पट्टीवर दिसणारी उंची म्हणजे पाऊस नव्हे. त्यापेक्षा नरसाळं आणि कॅन बरा, कारण यात पाण्याची उंची न बघता आकारमान मोजायचं असतं. हिशेब असा: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास १५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला १७.७ मिलिलिटर पाणी जमतं. कॅनमध्ये १४२ मिलिलिटर निघालं तर भागिले १७.७, पाऊस ८ मिलिमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ ज्यांना अजून शिकवलेलं नाही, त्यांना सूत्र सांगू नका. नरसाळं आलेखकागदावर उपडं ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची, कागदावरचा व्यास आतल्या व्यासाएवढा असल्याची खात्री करायची आणि आतले एक-एक सेंटिमीटरचे चौरस मोजायचे. अर्ध्याहून जास्त आत असलेला चौरस धरायचा, कमी असलेला सोडायचा. १७७ च्या जवळपास आकडा येतोच, आणि सूत्र पुढं वर्गात आलं की ते ओळखीचं वाटतं.

जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या शाळांनी १० सेंटिमीटरचं नरसाळं घ्यावं. तिथं एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो. १५ च्या नरसाळ्यातून एवढ्या पावसाचं पाणी ५.३ लिटर होतं आणि कॅन भरून वाहतो. १० च्या नरसाळ्याला १ मिलिमीटरला ७.८५ मिलिलिटर लागतं, म्हणजे तेवढ्याच पावसाला २.४ लिटरच्या आत भागतं. उलट दहिवडी-म्हसवड किंवा जतकडे मोठं नरसाळं हवं, कारण तिथले दोन-तीन मिलिमीटरचे शिडकावे छोट्या नरसाळ्यात नीट मोजता येत नाहीत.

जागा निवडताना भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. चार मीटर उंचीच्या वर्गखोलीपासून आठ मीटर. कॅन अर्धा जमिनीत पुरा किंवा चार विटांत घट्ट बसवा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यानं तो पहिल्याच दिवशी लवंडतो. नरसाळ्याची कड आडवी सपाट आहे ना, हे पाणसळीनं बघा. नरसाळ्याच्या नळीत बारीक जाळी ठेवा. पानं आणि मुंगळे अडकून नळी तुंबली की पाणी वरच साचतं आणि उन्हानं उडून जातं.

नोंद सकाळी साडेआठला. हवामान खातंही याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतं, म्हणून आपले आकडे सरकारी आकड्यांशी ताडता येतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. घोळ इथेच होतो. रात्री पडला म्हणून अर्धी मुलं कालच्या तारखेला लिहितात आणि महिनाअखेर एकही दिवस जुळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर हा नियम ठळक लिहून ठेवा.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. पाऊस पडला नाही तर ०, बघायलाच कोणी गेलं नाही तर आडवी रेघ. रविवारी कोणी नोंद घेतली नाही आणि सोमवारी ३१ मिलिमीटर निघाले, तर सोमवारच्या रकान्यात ३१ लिहून शेजारी ‘२ दिवसांचा’ असा शेरा मारायचा. निम्मे-निम्मे वाटून टाकायचे नाहीत. मुलं वाटतातच, कारण रिकामा रकाना त्यांना गुन्हा वाटतो. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून न लिहिणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड धडा आहे आणि तो शिक्षकानं रिकाम्या रकान्याबद्दल न रागावताच शिकवता येतो. सुट्टीच्या दिवसांची नोंद शाळेशेजारी राहणाऱ्या मुलाकडे द्या आणि गेटची किल्ली कोणाकडे असते हे आधी विचारून घ्या.

दर शनिवारी आठवड्याची बेरीज करून स्तंभालेख काढायचा, वाडीवरच्या मुलांनी घरी विचारून आणायचं की शेतात ओल किती बोटं गेली. हे वहीत मिलिमीटरच्या शेजारी लिहा. दोन महिन्यांत दिसायला लागतं की तेवढ्याच पावसात काळ्या रानात ओल कमी खोल जाते, माळावर जास्त. आणि तासात कोसळलेले २० मिलिमीटर ओढ्याला जातात, दिवसभर झिमझिमलेले २० जमिनीत मुरतात. बाप जे सांगतो ते आणि शाळेतलं माप एकाच पानावर आल्यावर मुलाला दोन्हींची किंमत कळते.

जमलं तर शिक्षकांच्या ओळखीतून दुसऱ्या टोकाची एक शाळा जोडीला घ्या: पाटणच्या शाळेनं माणची, शिराळ्याच्या शाळेनं जतची. दर सोमवारी आकडे एकमेकांना पाठवायचे. शासनाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळाचा पाऊस मिळतो, तोही तिसऱ्या रकान्यात उतरवा. आपला आकडा जुळला नाही तर आपलं चुकलं असं धरू नका. पावसाळी ढग एका शिवारावर पडतो आणि शेजारचं कोरडं ठेवतो. पण महिनाभर सतत आपलाच आकडा कमी येत असेल तर नरसाळ्यावर झाडाची सावली तपासा, त्या महिनाभरात फांद्या वाढलेल्या असतात.

दुसरा उपक्रम: काठीची सावली

पावसाळा ओसरला की हा सुरू करा. पाइप जमिनीत असा गाडा की वर बरोबर १०० सेंटिमीटर राहील. ओळंबा दोन बाजूंनी लावून उभा सरळ करा. पाइप फक्त एक अंश कलला तरी सावलीत जवळपास दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. सावली पडेल ती जागा सपाट हवी. पटांगण उताराचं असेल तर शाळेच्या फरशीच्या ओट्यावर मातीच्या कुंडीत पाइप रोवा आणि उंची ओट्यापासून मोजा.

दुपारी बारा ते एक (शनिवारी शाळा आधी सुटत असेल तर पूर्ण शाळेच्या दिवशी), दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची आणि लांबी लिहायची. टोक धूसर दिसतं, कारण सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. गडद सावली संपते आणि फिकट सुरू होते त्यांच्या मधोमध खूण करा, आणि दिवसभर एकाच मुलानं करावी. सूर्याकडे कोणी थेट बघायचं नाही, हे दर वेळी सांगा.

सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही हे पाहून मुलं चक्रावतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यातल्या कमी-जास्तपणामुळे आणि तिचा आस कलता असल्यामुळे तो पुढेमागे सरकतो: साताऱ्यात २१ मार्चला सुमारे १२:४१, २३ सप्टेंबरला १२:२६, २२ डिसेंबरला १२:३२. सांगलीत दोन-तीन मिनिटं आधी. आखूड सावलीची दिशा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. ओट्यावर तेलरंगानं ती रेघ कायमची काढून ठेवा.

१०० सेंटिमीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली विषुवदिनी (२१ मार्च, २३ सप्टेंबर) साताऱ्यात सुमारे ३२ सेंटिमीटर, सांगलीत ३० यायला हवी. २२ डिसेंबरला साताऱ्यात ८७. तुमचा आकडा चार-पाच सेंटिमीटरनी चुकला तर आधी काठी बघा, मग मुलांना बोला. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, सांगलीत ७ मे आणि साताऱ्यात १० मेच्या आसपास येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा आभाळ. त्याच्यावर कार्यक्रम आखू नका. मेमध्ये मुलांनी घरच्या अंगणात बाटली उभी करून बघावं, एवढं पुरे.

सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढायचा मोह प्रत्येक विज्ञान शिक्षकाला होतो. सातारा-सांगली जोडी त्यासाठी घेऊ नका. दोघांच्या अक्षांशात फक्त ०.८ अंशाचा फरक आहे आणि सावली मोजताना एक सेंटिमीटर चुकलं तरी अर्ध्या अंशाची चूक होते. उत्तर अडीचपट किंवा जेमतेम साठ टक्के येतं. दूरचं ठिकाण हवं. इथं आपल्या भागाची सोय आहे: विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी) कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. कोणाचा तरी काका दिल्लीत असतोच. २१ मार्चला त्यांच्या गच्चीवर मीटरभर काठीची सावली १२:२८ च्या सुमारास साडेचोपन्न सेंटिमीटर पडते. (फौजेतल्या वडिलांना छावणीतून मोजायला सांगू नका. ठिकाण कळवणं त्यांना अडचणीचं असतं.) दोन्ही ठिकाणची सावली आणि काठी आलेखकागदावर प्रमाणात काढून कोनमापकानं कोन मोजायचे, फरक सुमारे ११ अंश येतो. अंतर मात्र रस्त्याचं धरायचं नाही. नकाशावर दोन्ही गावांतून आडव्या रेषा काढून त्यांच्यामधलं उभं अंतर पट्टीनं मोजा आणि नकाशाच्या प्रमाणानं किलोमीटर करा, ते १,२०० च्या वर भरतं. ३६० भागिले कोन, गुणिले अंतर. ४०,००० च्या अलीकडे-पलीकडे दोन हजारांत आलं तर काम उत्तम झालं समजा.

हिवाळ्यातलं काम: गावातला एक धंदा

डिसेंबर-जानेवारीत गुऱ्हाळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडे बेदाणा शेड. दोनपैकी एकच घ्या. गुऱ्हाळावर काहिलीपासून चार पावलं लांब सुतळी बांधून तिच्या बाहेर मुलं उभी करा. उकळता रस अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. विचारायचे प्रश्न आधी वर्गात लिहून न्यायचे आणि त्यांत आकडे मागायचे: एका टनाला गूळ किती, जळण काय आणि किती, आजचा दर काय. ‘तुम्हाला कसं वाटतं’ असले प्रश्न विचारले की गुऱ्हाळवाला हसून कामाला लागतो.

द्राक्षांचा प्रयोग शाळेतही होतो. शेडवरून डिपिंग केलेली (वाळवण्याआधी द्रावणात बुडवून काढलेली) अर्धा किलो आणि साधी अर्धा किलो द्राक्षं आणा. वर्गात डिपिंग करू नका, त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट डोळ्यांना आणि हाताला झोंबतं. दोन वेगळ्या जाळ्यांवर सावलीत पसरा, खाली वाऱ्याला वाट हवी. जाळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या प्रयोग संपवतात. रोज त्याच वेळी वजन करा. डिपिंग केलेली सालीवरचा मेणाचा थर मोडल्यामुळे कितीतरी आधी वाळतात. अर्ध्या किलोचं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास उरतं. खायचं कोणी, हे आधीच ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून वजन भलत्याच वेगानं घटायला लागतं.

सहल

वर्षात एकच, आणि चालत जमली तर सर्वांत चांगली. लांब न्यायचं तर एसटीच्या बसला शालेय सहलीसाठी निम्मी सवलत मिळते. आगारात अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमतिपत्रं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी एवढं महिनाभर आधी हातात हवं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुली असतील तर शिक्षिका हवीच.

कासला सप्टेंबरात शनिवार-रविवारी जाऊ नका. फुलांपेक्षा माणसं जास्त असतात, आणि हंगामात आधी नोंदणी लागते. औंधचं भवानी वस्तुसंग्रहालय मुलांना फार आवडतं, पण रांगेनं फिरवलं तर वीस मिनिटांत बाहेर येतात. प्रत्येकानं एकच चित्र निवडायचं, त्यासमोर दहा मिनिटं थांबायचं आणि त्यात दिसणाऱ्या पंधरा गोष्टी लिहायच्या. आठव्या-नवव्या गोष्टीनंतर खरं बघणं सुरू होतं. भिलार या पुस्तकांच्या गावी न्यायचं तर घरं मोजत हिंडण्यापेक्षा एकाच घरात बसून वाचू द्या.

परीक्षांचं काय

चौथी-सातवीची शिष्यवृत्ती (आधी ती पाचवी-आठवीला होती), आठवीची एनएमएमएस (गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), सहावी-नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा यांची तयारी जरूर घ्या, पण वेगळ्या वारी. शनिवारचा तास एकदा सराव पेपरला दिला की तो परत मिळत नाही. इन्स्पायर-मानक या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्राच्या योजनेला कल्पना पाठवायच्या असतील तर त्या वहीतून उचला. दुकानातून आणलेलं मॉडेल आणि मुलाला स्वतः भेडसावलेली अडचण यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो. तुंबणाऱ्या नरसाळ्यावर मुलानं काढलेला तोडगा ही चांगली सुरुवात आहे.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला भाषण ठेवू नका. वर्षाचा पावसाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि शेजारी दोन मुलं उभी करा. गावकरी आपल्या आठवणीतला पाऊस तक्त्याशी भांडून बघतात, मुलांना उत्तरं द्यावी लागतात.

एप्रिलमध्ये वही बंद करताना सातवीची दोन मुलं पुढच्या वर्षाची प्रमुख नेमा आणि आठवीच्या मुलांनी त्यांना एकदा तरी पूर्ण नोंद करून दाखवावी. कॅन, नरसाळं, मोजपात्र गोदामात ठेवू नका. वळीव मेमध्येच येतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. शाळेशेजारच्या घरी सामान आणि वही द्या, त्या घरातल्या मुलाला साडेआठची वेळ सांगून ठेवा.